काटा सर्व्हरची दोन नेटवर्क कार्डं एकत्र जोडली : केबल काढली तर चालतं, परत लावली की अर्धा मिनिट सगळं बंद

काटाघर_ईडीपी
३ ऑक्टोबर, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी,

मी एका सहकारी साखर कारखान्यात ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटर विभागात आहे. विभाग म्हणजे मी आणि एक शिकाऊ मुलगा. गाळप सुरू व्हायला तीन-साडेतीन आठवडे राहिलेत. त्याच्या आत हे काम मला पक्कं करायचंय, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. लांबलंय, पण वाचा.

गेल्या हंगामात जानेवारीत रात्री १ वाजून ४० मिनिटांनी ऊसगाड्यांच्या वजनकाट्यावरून फोन आला. वजन इंडिकेटरवर दिसतंय, पावती निघत नाही. क्वार्टरमधून धावत गेलो. सर्व्हर ठणठणीत होता. तो ज्या नेटवर्क स्विचला जोडला होता तो स्विच मेला होता. कपाटात दुसरा नव्हता. शेवटी अकाउंट्सचा स्विच काढून आणला, पोर्ट जुळवले आणि साडेतीनला पहिली पावती निघाली. तोवर क्लार्कनी ९६ गाड्यांची वजनं वहीत हातानं लिहिली. गाडीतळ भरून रांग कमानीबाहेर रस्त्यावर गेली होती. काटाघराच्या दाराशीच एक टायरगाडी उभी होती. तोडणीवाला बीडकडचा. बैल जुवाखालून सोडून त्यांच्या अंगावर पोती टाकली होती आणि बायको लहान पोराला पोटाशी घेऊन उसाच्या मोळ्यांवर झोपली होती. मी आत-बाहेर करताना तो प्रत्येक वेळी मान वर करून बघायचा. विचारलं काहीच नाही. ते माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

पुढचे दोन दिवस वहीतली वजनं कॉम्प्युटरला चढवण्यात गेले. दोन गाड्यांच्या रिकाम्या वजनात घोळ निघाला आणि शेतकरी शेतकी ऑफिसात येऊन बसले. त्यांचं बरोबरच होतं. चौदा दिवसांत बिल निघायचं ते याच वजनावर निघतं.

म्हणून यंदा सर्व्हरला एकाच तारेवर ठेवायचं नाही असं ठरवलं.

मांडणी अशी आहे. सर्व्हर ऑफिसच्या इमारतीत, अल्मालिनक्स ९ (लिनक्सचा एक प्रकार) वर. मदरबोर्डवरच चार नेटवर्क पोर्ट आहेत. रॅकमध्ये दोन मॅनेज्ड स्विच घेतले, त्यांना अ आणि ब म्हणू. सर्व्हरचा पोर्ट १ अ ला, पोर्ट २ ब ला. अ आणि ब दोन्हींपासून काटाघरापर्यंत वेगवेगळी फायबर, तिथे एकच स्विच आहे, त्याला क म्हणू. पाचही काट्यांचे कॉम्प्युटर क वर आहेत. अ आणि ब एकमेकांना जोडलेले नाहीत. अकाउंट्स आणि शेतकीचे कॉम्प्युटर अ वर.

पहिला प्रयत्न : बाँड बनवला (दोन पोर्ट मिळून सर्व्हरला एकच जोडणी), मोड काही लिहिला नाही. चालू झालं पण काट्याचा प्रोग्राम अडखळायला लागला. मध्येच दोन सेकंद थांबायचा, मध्येच सुरळीत. क च्या लॉगमध्ये एकच मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाची ओळख) दोन पोर्टांवर सारखा इकडून तिकडे जातोय असं येत होतं.

दुसरा प्रयत्न : मोड ॲक्टिव्ह-बॅकअप केला (एक तार चालू, दुसरी राखीव), पोर्ट १ प्रायमरी म्हणजे पहिल्या पसंतीचा, एमआयआयमॉन (पोर्टची तपासणी) १००. अडखळणं गेलं. पोर्ट १ ची केबल उपसली, काट्यावरून चालू असलेला पिंग (सर्व्हर उत्तर देतोय का बघणारा संदेश) फक्त एकदा चुकला. फार आनंद झाला. मग केबल परत लावली आणि पिंग बंद! मोजले, ३० सेकंद. नंतर आपोआप चालू. चार वेळा केलं, चारही वेळा तसंच.

तिसरी गोष्ट याहून वाईट. अ कडून काटाघराला जाणारं फायबर काढून बघितलं. सर्व्हरनं काहीच केलं नाही. अ वरच बसून राहिला. काट्यांना सर्व्हर दिसेना, आणि ब ची वाट मोकळी पडलेली.

माझे प्रश्न :
केबल परत लावल्यावर ३० सेकंद का जातात?
फायबर तुटलं तर सर्व्हरला कळावं कसं?
आणि दोन एक-गिगचे पोर्ट जोडले तर रात्रीचा बॅकअप दोन गिगनं जाईल का?

इंटरनेटवर एका जुन्या मार्गदर्शिकेत बाँडिंगऐवजी टीमिंग वापरा असं लिहिलंय. ते करू का?


स्विचवाला
३ ऑक्टोबर, रात्री ११.०५

मोड ४ लावा, म्हणजे एलएसीपी. स्विचवर पोर्टांचा ग्रुप करा. दोन्ही तारा एकदम चालतात, वेगही मिळतो आणि एक गेली तरी दुसरी असतेच. आमच्याकडे सगळीकडे हेच आहे.


रात्रपाळी
४ ऑक्टोबर, पहाटे ३.१५

काटाघर_ईडीपी, तुम्ही चाचण्या योग्य क्रमानं केल्यात आणि मांडणी नीट लिहिलीत, म्हणून नेमकं सांगता येतंय. मी पुण्यात एका डेटा सेंटरला रात्रीच्या शिफ्टला असतो, हेच काम.

आधी वरच्या सल्ल्याबद्दल, कारण तो तुमच्या मांडणीत चालणार नाही. एलएसीपीच्या ग्रुपमधल्या सगळ्या तारा पलीकडे एकाच स्विचवर उतरल्या पाहिजेत, किंवा पलीकडचे दोन स्विच स्टॅक करून किंवा एमलॅग लावून एकच असल्यासारखे वागले पाहिजेत. तुमचे अ आणि ब एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. मोड ४ लावलात तर सर्व्हर दोनपैकी एकाच स्विचकडचा ग्रुप चालू ठेवेल आणि दुसरी तार नुसती पडून राहील. स्विचवाला यांच्याकडे स्टॅक असणार, तिथे त्यांचं बरोबर आहे. तुम्हाला ॲक्टिव्ह-बॅकअपच हवा. त्याला स्विचकडून कसलीच मदत लागत नाही.

पहिल्या प्रयत्नात काय झालं : लिनक्सच्या बाँडिंगला मोड सांगितला नाही तर तो मोड ० धरतो, राउंड रॉबिन. एक पॅकेट या तारेनं, पुढचं त्या तारेनं. दोन्हीकडून जाताना मॅक ॲड्रेस मात्र एकच. क ला वाटतं हे यंत्र आत्ता अ कडे आहे, पुढच्या क्षणी वाटतं ब कडे. शिवाय पॅकेटं मागेपुढे पोचतात, टीसीपीला (डेटा नीट पोचवण्याची पद्धत) वाटतं मधलं हरवलं आणि ते पुन्हा मागितलं जातं. तुमचं अडखळणं ते हेच.

आता ३० सेकंद. हा आकडा बघितल्याबरोबर मला उत्तर दिसलं. स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री चालू आहे. कुठल्याही पोर्टवर तार आली की पलीकडे दुसरा स्विच असेल आणि त्यातून वर्तुळ तयार होईल या भीतीनं तो पोर्ट आधी १५ सेकंद नुसतं ऐकतो, मग १५ सेकंद शिकतो, आणि मगच रहदारी सोडतो. नवी रॅपिड आवृत्ती असली तरी पलीकडच्या सर्व्हरला तिची भाषा येत नाही, म्हणून ती शेवटी जुन्याच वेळापत्रकावर येते. मात्र पोर्टचा दिवा पहिल्याच सेकंदाला लागतो. तुमचा बाँड दिवा बघतो. प्रायमरी परत आला म्हणून तो चालू असलेली ब ची वाट सोडून अ वर उडी मारतो आणि बंद दारावर ३० सेकंद उभा राहतो.

यावर दोन गोष्टी करा, दोन्ही करा. स्विचवर सर्व्हरचे पोर्ट एज पोर्ट म्हणून नोंदवा, म्हणजे तिथे हे ३० सेकंद थांबणं होत नाही. काही कंपन्या त्याला पोर्टफास्ट म्हणतात. फक्त सर्व्हरच्या पोर्टांवर, अ-क आणि ब-क च्या फायबरवर चुकूनही नको. दुसरं, बाँडमधून प्रायमरी काढून टाका, किंवा प्रायमरी रिसिलेक्टला फेल्युअर लिहा. म्हणजे ब वर गेलेला सर्व्हर ब पडेपर्यंत ब वरच राहील. तुमच्या दोन्ही वाटा सारख्याच आहेत, मग परत जायची घाई कशाला? प्रत्येक उडी हा धोका आहे, विनाकारण एक जास्त उडी का घ्यायची?

अपडिले नावाचाही पर्याय आहे. तार आल्यावर इतके मिलिसेकंद थांब, मगच तिला धर, असं सांगता येतं. ४०,००० दिलात तरी तुमचं काम होईल. पण खाली जे सांगतोय ते केलंत तर त्याची गरजच उरत नाही.

तिसरी गोष्ट, फायबर. बाँडिंगला दृष्टी फार जवळची असते. एमआयआयमॉन म्हणजे दर १०० मिलिसेकंदांनी माझ्या पोर्टचा दिवा चालू आहे का एवढंच बघणं. अ चालू आहे, तुमची केबल लागलेली आहे, दिवा हिरवा आहे. अ च्या पलीकडे जग संपलंय हे त्याला कळायला मार्गच नाही. म्हणून त्याला दिवा बघायचं सोडून हाक मारायला शिकवायचं. एआरपी म्हणजे हा पत्ता कोणाकडे आहे अशी नेटवर्कवर मारलेली हाक. एआरपी इंटरव्हल १००० द्या, आणि एआरपी आयपी टार्गेटमध्ये काटाघरातले दोन पत्ते. एक क स्विचचा स्वतःचा मॅनेजमेंट पत्ता, दुसरा काटाघरातलं कधीही बंद न होणारं काहीतरी. काट्याचा कॉम्प्युटर देऊ नका, सफाईच्या वेळी कोणीतरी बंद करेल. आता बाँड दर सेकंदाला या पत्त्यांना हाक मारेल आणि ओ आली नाही तर दोन-तीन सेकंदांत दुसऱ्या वाटेनं जाईल. एमआयआयमॉन काढा, दोन्ही एकत्र ठेवायचे नसतात.

यानं तुमचं ३० सेकंदांचं दुखणंही आपोआप जातं. स्पॅनिंग ट्रीनं अडवलेल्या पोर्टमधून हाक जातच नाही, त्यामुळे दिवा लागला तरी बाँड त्या वाटेला जिवंत मानत नाही. अपडिले फक्त एमआयआयमॉनबरोबर चालतो, पण इथे तो लागतच नाही.

एक गोष्ट गमवाल. नुसती केबल उपसली तर आज एक पिंग चुकतोय, एआरपीनं दोन-तीन चुकतील. काट्याच्या पावतीला तेवढं चालतं का बघा. मला वाटतं चालेल, कारण टीसीपी तेवढा वेळ धीर धरतो.

बॅकअपचं : नाही. ॲक्टिव्ह-बॅकअपमध्ये एका वेळी एकच तार काम करते. एलएसीपी असता तरी एक कनेक्शन एकाच तारेवरून जातं, म्हणजे एका फाइलच्या कॉपीला एक गिगच मिळालं असतं. वेग हवा असेल तर बॅकअपच्या यंत्रासाठी वेगळं दहा गिगचं कार्ड घ्या आणि ते या बाँडच्या बाहेर ठेवा.

टीमिंगकडे जाऊ नका. लिनक्समधलं ते टीम ड्रायव्हरचं प्रकरण रेड हॅटनं आपल्या लिनक्सच्या आवृत्ती ७ मध्ये आणलं, ९ मध्ये जुनं ठरवलं आणि १० मधून काढूनच टाकलं. अल्मालिनक्स त्याच्याच मागून चालतं. बाँडिंग त्याच्या आधीपासून आहे आणि राहणार आहे.

आणि आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. फेलओव्हर, म्हणजे एक वाट पडल्यावर दुसरीवर जाणं, मूकपणे होतो. आमच्याकडे एक डेटाबेस सर्व्हर होता. त्याची एक तार कोणाच्या तरी हातानं अर्धवट निसटली. बाँडनं चोख काम केलं, दुसरीवर गेला, कोणाला काही जाणवलं नाही. सात महिने तो एका पायावर उभा होता. सात महिन्यांनी दुसऱ्या बाजूच्या स्विचचं फर्मवेअर बदलायला आम्ही तो रीस्टार्ट केला आणि भर दुपारी सर्व्हर गायब. त्या शिफ्टला मीच होतो. प्रॉक, त्यात नेट, त्यात बाँडिंग असं आत गेलं की बाँडच्या नावाची एक साधी फाइल असते. कुठली तार काम करतेय, कुठली पडलीय, किती वेळा पडलीय, सगळं त्यात लिहिलेलं असतं. सात महिन्यांत ती कोणीही एकदा उघडली असती तरी पुरलं असतं. तुम्ही दर पाच मिनिटांनी ती वाचणारी चार ओळींची स्क्रिप्ट आजच लिहा आणि डाउन शब्द दिसला की मोबाइलवर मेसेज येऊ दे. ते झाल्याशिवाय दोन तारा आहेत असं धरू नका.


तारजोड
४ ऑक्टोबर, सकाळी ९.४०

मी केबलिंगची कामं करतो, त्यामुळे सॉफ्टवेअरचं वरच्या दादांवर सोडतो. मला काही साध्या गोष्टी विचारायच्यात.

तुमचे पोर्ट १ आणि २ मदरबोर्डवरचेच ना? म्हणजे बहुधा एकाच चिपवर. ती चिप गेली की दोन्ही गेले. एक तार मदरबोर्डच्या पोर्टला ठेवा आणि दुसरी स्लॉटमध्ये वेगळं कार्ड बसवून त्याला.

अ आणि ब ची पॉवर कुठून आहे? रॅकच्या मागे जाऊन हातानं वायर धरून शेवटच्या प्लगपर्यंत जा, लेबलवर जाऊ नका. कारखान्यात टर्बाइन ट्रिप होतं तेव्हा काय काय झटका खातं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

दोन फायबर वेगवेगळ्या वाटेनं जातात म्हणता, पूर्ण वेगळ्या का? मी एका ठिकाणी बघितलंय, दोन फायबर दोन इमारतींतून निघत होती आणि रस्ता ओलांडायला एकाच पाइपात शिरत होती. जेसीबीच्या एका दातात दोन्ही गेली.

उंदरांचं काय केलंय? साखर कारखाना म्हणजे विचारायलाच नको.


काटाघर_ईडीपी
९ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.३०

दोघांनाही मनापासून धन्यवाद. पाच दिवस हेच करतोय.

तारजोड, तुमची पोस्ट वाचून शिकाऊ मुलाला टॉर्च घेऊन रॅकमागे पाठवलं. तो वायर धरत धरत गेला आणि आतून ओरडला, "सर, दोन्ही एकाच बोर्डात हायत." दोन्ही स्विच एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर, आणि तो बोर्ड एका यूपीएसवर. दोन स्विच आणले, दोन फायबर टाकली, आणि सगळं एका दहा अँपियरच्या बटणाच्या भरवशावर! गेल्या जानेवारीतला स्विचही याच बोर्डवर होता. आता अ सर्व्हरच्या यूपीएसवर आणि ब शेजारच्या खोलीतल्या यूपीएसवर नेला. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय आहेत, तेही एक इकडे एक तिकडे केले.

स्टोअरमध्ये एक जुनं नेटवर्क कार्ड मिळालं, ते स्लॉटमध्ये बसवलं. आता ब ची तार त्या कार्डावर.

फायबरची वाट चालत जाऊन बघितली. अ चं फायबर ऑफिसमागून बगॅसच्या यार्डाच्या कडेनं जातं, ब चं मेन गेटकडून खांबांवरून. शेवटचे काही मीटर मात्र काटाघरात दोन्ही एकाच खिडकीतून शिरतात. ती खिडकी गवंडी बोलावून वेगळी करतोय. उंदरांसाठी रॅकखालची भोकं सिमेंटनं बुजवली आणि खालच्या टप्प्यातल्या केबल लोखंडी पाइपातून घेतल्या.

आता अडचण. रात्रपाळी, तुम्ही सांगितलंत तसं एमआयआयमॉन काढून एआरपी इंटरव्हल १००० दिला. टार्गेट क स्विच, आणि काटा नंबर ३ च्या इंडिकेटरला लावलेला सीरियल-टू-इथरनेट कन्व्हर्टर. तो कायम चालू असतो. फायबर काढलं. तरीही सर्व्हर अ वरून हलला नाही! फाइलमध्ये अ ची वाट अप दाखवतोय. हाकेला ओ देणारं पलीकडे कोणी नसताना त्याला ओ कोण देतंय?


रात्रपाळी
१० ऑक्टोबर, पहाटे २.५०

तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं होतंत आणि मी ते लक्षात घ्यायला हवं होतं : अकाउंट्स आणि शेतकीचे कॉम्प्युटर अ वर आहेत. चूक माझी.

एआरपी व्हॅलिडेट दिला नाही तर बाँड उत्तर कोणाचं आहे हे तपासत नाही. पोर्टवर काहीतरी येतंय ना, एवढ्यानं त्याचं समाधान होतं. फायबर तुटल्यावरही अकाउंट्सचे कॉम्प्युटर अ वर आपापसात बोलतच होते. त्यांचा ब्रॉडकास्ट (सगळ्यांना उद्देशून मारलेली हाक) सर्व्हरच्या कानावर पडत होता आणि बाँडला वाटत होतं वाट जिवंत आहे.

एआरपी व्हॅलिडेटला ऑल लिहा. मग चालू वाटेवर तो फक्त तुमच्या दोन टार्गेटकडून आलेलं उत्तर धरेल. राखीव वाटेला तर कोणी उत्तर देत नसतं. तिथे तो स्वतःचीच हाक ऐकतो. अ वरून मारलेली हाक ब्रॉडकास्ट असते, ती क पर्यंत जाते आणि क वरून ब मार्गे राखीव पोर्टवर परत येते. ती ऐकू आली म्हणजे राखीव वाटही शेवटपर्यंत धड आहे. नीट बघितलंत तर यात तुमची पूर्ण फेरी दर सेकंदाला तपासली जातेय, दोन्ही फायबर, तिन्ही स्विच, दोन्ही कार्डं. मला बाँडिंगमधली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

ही चाचणी रात्री करू नका, सकाळी अकराला अकाउंट्स भरलेलं असताना करा. रिकाम्या नेटवर्कवर व्हॅलिडेटशिवायही चाचणी पास झाली असती आणि तुम्ही निर्धास्त राहिला असता. बरं झालं ते आत्ता कळलं.

क एकटाच आहे हे माहीत असेलच. तो गेला तर दोन्ही वाटा एकदम जातात.


खिडकीशेजारी
१० ऑक्टोबर, दुपारी १.१५

आमच्याकडे काट्याचा सर्व्हर विंडोजवर आहे, म्हणून त्या बाजूचं सांगतो, कोणाला उपयोग होईल. विंडोज सर्व्हर २०१२ पासून टीमिंग आतच मिळतं, कार्डाच्या कंपनीचं सॉफ्टवेअर लागत नाही. दोन वेगळे स्विच असतील तर स्विच इंडिपेंडंट मोड घ्या आणि एक कार्ड स्टँडबाय ठेवा. हायपर-व्ही (एका यंत्रात अनेक आभासी सर्व्हर चालवणारी विंडोजची सोय) असेल तर सर्व्हर २०२२ मध्ये हे जुनं टीमिंग व्हर्च्युअल स्विचला लावू देत नाहीत, तिथे स्विच एम्बेडेड टीमिंग वापरावं लागतं आणि त्यात स्टँडबाय हा प्रकार नाही, सगळी कार्डं चालूच असतात.

पण विंडोजमध्ये ही एआरपीची हाक नाही, तो दिवाच बघतो. म्हणून फायबर तुटण्याचं आम्ही स्विचवर सोडवलं. लिंक स्टेट ट्रॅकिंग नावाची सोय असते : वरचं फायबर पडलं की स्विच सर्व्हरचा पोर्ट स्वतःहून पाडतो. मग सर्व्हरचा दिवा जातो आणि टीम दुसरीकडे वळते. सगळ्या स्विचमध्ये ही सोय नसते, घेण्याआधी विचारून घ्या.


काटाघर_ईडीपी
१८ ऑक्टोबर, रात्री ९.००

झालं. आकडे देतो.

एआरपी व्हॅलिडेट ऑल, प्रायमरी काढलेला, सर्व्हरचे दोन्ही पोर्ट स्विचवर एज पोर्ट. चाचणी सकाळी साडेअकराला, अकाउंट्समध्ये सगळे जागेवर असताना. मी सर्व्हरपाशी, शिकाऊ मुलगा काटा नंबर १ वर, फोन चालू. पिंग सेकंदाला एक.

अ ची केबल उपसली : ३ चुकले. परत लावली : एकही नाही.
सर्व्हर पुन्हा अ वर आणून अ चं फायबर काढलं : ३ चुकले. परत लावलं : एकही नाही.
ब वर असताना ब स्विचची पॉवरच बंद केली : २ चुकले. चालू केली : एकही नाही.

मग मुलाला सांगितलं, काट्यावर आपला ट्रॅक्टर उभा कर आणि खरी पावती काढ. त्यानं सेव्ह दाबलं त्याच क्षणी मी फायबर ओढलं. फोनवर त्याचा आवाज आला, "सर, थांबलंय... थांबलंय... निघाली." प्रिंटरचा करकर आवाज मला फोनमधून ऐकू आला. पावतीवर वजन बरोबर, नंबर बरोबर, दोनदा नोंद नाही. ती पावती मी पाकिटात ठेवलीय.

मेसेजची स्क्रिप्ट चालू आहे. वाट पडली की माझ्या आणि काट्याच्या मुख्य क्लार्कच्या मोबाइलवर मराठीत मेसेज येतो : "काटा सर्व्हरची एक लाइन बंद आहे, काम चालू ठेवा, ईडीपीला कळवा." आधी मी नुसतं बाँड डाउन असं लिहिलं होतं. क्लार्क म्हणाले, असं आलं तर आम्ही घाबरून काटाच बंद करू. म्हणून वाक्य त्यांनीच सांगितलं तसं केलं.

क साठी दुसरा तसाच स्विच मागितला होता. चीफ अकाउंटंट आधी नाही म्हणाले. मी त्यांना गेल्या जानेवारीची ती वही दाखवली, ९६ गाड्यांची, थंडीनं हात आखडलेलं अक्षर. सही झाली. स्विच आला, त्यात क चीच सेटिंग भरून काटाघरातल्या कपाटात ठेवलाय. कुठली केबल कुठल्या पोर्टला याचं चित्र कपाटाच्या दारावर आतून चिकटवलंय. तिन्ही पाळ्यांच्या क्लार्ककडून एकेकदा बदलून घेतला. सगळ्यात हळू होते त्यांना सहा मिनिटं लागली.

खिडकीचं दुसरं भोकही पाडून झालं. बॉयलर पेटलाय, मोळी पुढच्या आठवड्यात पडेल. तोडणीच्या टोळ्या यायला लागल्यात, गाडीतळाच्या पलीकडे खोपी उभ्या राहतायत. काल संध्याकाळी तिकडून येताना गेल्या वर्षीचा तो टायरगाडीवाला दिसला. त्यानं ओळखलं. विचारलं, "यंदा काटा बंद पडंल का हो साहेब?" मी म्हटलं, नाही पडणार.